'पाळी चुकेपर्यंत गर्भाला औषध लागत नाही' हे खरे नव्हे

आडसाली लागण सुरू झाली, उसाच्या टिपऱ्या कीडनाशक औषधात बुडवायला बायका बसल्या, की कोल्हापूर परिसरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो: "पाळी चुकेपर्यंत गर्भाला औषध लागत नाही. रुजण्याआधी गर्भ एक तर मरतो, नाही तर सुखरूप राहतो, हे उंदरांवर सिद्ध झाले आहे. आणि उंदराला बाधत नाही ते माणसालाही बाधत नाही."

'एक तर मरतो, नाही तर निभावतो' हे सूत्र प्रयोगशाळेतलेच आहे. १९५० च्या दशकात उंदरांवर क्ष-किरणांचे जे प्रयोग झाले त्यांतून ते रूढ झाले. मात्र संदेश लिहिणाऱ्याने मरणे हा परिणामच धरलेला नाही. उंदरीण धडधाकट पिल्ले व्याली, एवढ्यावरून काही ठरत नाही. तिच्या अंडाशयातले पीतपिंड (अंडे बाहेर पडले की त्याच्या जागी उरणारी गाठ, म्हणजे जितकी अंडी तितके पीतपिंड) आणि गर्भाशयातल्या रुजण्याच्या जागा मोजल्या, की दोहोंतल्या तफावतीवरून रुजण्याआधीच किती गर्भ गेले ते कळते. शिवाय पूर्वीच्या प्रमाणित चाचण्यांत गाभण उंदरिणीला रसायन सहाव्या ते पंधराव्या दिवसापर्यंतच देत, म्हणजे रुजण्याआधीचे दिवस तपासलेच जात नसत. डीडीटीच्या कुळातले मेथॉक्सीक्लोर हे कीटकनाशक तर गर्भाला हात न लावताही घात करू शकते, कारण गर्भ धरण्यासाठी गर्भाशयाच्या अस्तरात जो बदल व्हावा लागतो, त्यालाच ते अडथळा आणते. (प्रयोगातल्या मात्रा बहुधा मोठ्या असतात, तेव्हा यावरून घबराट पसरवणेही तितकेच चूक.)

'सुखरूप राहतो' यालाही अपवाद आहेत. वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरला जाणारा इथिलीन ऑक्साइड वायू मिलनानंतर काही तासांतच उंदरिणींना हुंगवला, तेव्हा काही गर्भ मेले आणि जगलेल्यांपैकी काहींत व्यंगे आढळली.

उंदरावरून माणसाची हमी देणाऱ्याने थॅलिडोमाइड हे गरोदरपणी मळमळीवर दिले गेलेले औषध आठवावे: उंदरांत त्याने फारसे काही केले नाही, माणसांत मात्र हजारो बाळे हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली, आणि १९६१ मध्ये जर्मनीत ते बाजारातून काढून घ्यावे लागले.

राहिला दिवसांचा हिशेब. माणसाचा गर्भ फलनानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवशी रुजतो आणि पाळी चुकते ती चौदाव्या दिवसाच्या सुमारास. म्हणजे 'रुजण्याआधी'ची जी सवलत संदेशाने देऊ केली आहे, ती त्याच्याच सूत्राप्रमाणे पाळी चुकण्याच्या कित्येक दिवस आधी संपलेली असते.