'नुसतं लेबल' म्हणणाऱ्यांना उत्तर

तुमची कमेंट काल रात्री वाचली, लगेच उत्तर द्यायचं टाळलं, पण सकाळी परत वाचली तर तितकीच लागली. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांना नवे नंबर द्या पण खदानीतलं जुनं नाव शेजारी राहू द्या, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "नाव म्हणजे नुसतं लेबल, दगड तोच राहतो, हौशी लोकांनी यात पडू नये."

तुमचं एक बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. मी एके ठिकाणी 'कामठी फॉर्मेशनमधला कोळसा' लिहून बसलो (फॉर्मेशन म्हणजे खडकाच्या थरांचा एक गट). कामठी कोलफिल्डचा, म्हणजे तिथल्या कोळशाच्या पट्ट्याचा, कोळसा बराकर फॉर्मेशनमध्ये आहे, कामठीचा लालसर वाळूचा दगड त्याच्या वर येतो. दुरुस्ती केली आहे. पण बघा ना, कोलफिल्डचं नाव कामठी, वरच्या दगडाचं नाव कामठी, आणि कोळसा ज्यात सापडतो त्याला नाव पार झारखंड-बंगालकडच्या बराकर नदीचं! माझी चूक झाली ती नावामुळेच झाली, मग नाव नुसतं लेबल कसं?

आता 'दगड तोच'. वर्धा खोऱ्यातल्या घुग्घुसकडे कोळशाचा एकच जाड थर, पंधरा मीटरच्या वर, आणि तोच थर पुढे फाटत जातो, मध्ये वाळूचा दगड घुसतो, एकाचे दोन होतात. आता यातला 'तोच' कुठला हो? तेच तर ठरवायचं असतं. नंबरांची गत सांगतो, झारखंडच्या झरियात एक नंबर म्हणजे सगळ्यात खालचा, मोजणी खालून वर अठरापर्यंत, आणि जिथे थर एकत्र येतात तिथे पाच-सहा-सात-आठ असं जोडून लिहितात. तेलंगणातल्या रामगुंडमला उलट, एक वर आणि चार खाली. एका जागचा माणूस दुसरीकडे गेला की नुसता नंबर वाचून फसलाच.

आणि हौशी म्हणता. माझे वडील अठ्ठावीस वर्षं खदानीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे, होते, घरात 'टॉप सेक्शन' (थराचा वरचा भाग) हा शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकला. मी स्वतः तीन वर्षं माजरीच्या बाजूला कोअर लॉग केलेत, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या दगडाच्या दांड्या बघून थर नोंदवलेत, उन्हात, पेटीजवळ उकिडवं बसून, ओल्या फडक्याने कोअर पुसायचा की चकचकीत कोळशात बोटभर राखाडी शेलची (चिखलाच्या दगडाची) पट्टी दिसायची. तीच पट्टी पुढच्या बोअरहोलमध्ये चार मीटर झाली होती. एका कंपनीत नव्या शीटवर फक्त नंबर होते, जुनं नाव काढून टाकलेलं, ऑफिसातल्या माणसाने वरचा भाग खालच्याशी जुळवला आणि सगळे सेक्शन (थरांचे उभे छेद दाखवणारे नकाशे) परत काढावे लागले, दोन आठवडे गेले. ते मी काढले, तुम्ही नाही.

परागकणांवरून वय ठरतं वगैरे जे लिहिलंत तो वेगळा विषय, त्यात आत्ता पडत नाही. माझं वाचन जुनं आहे या वाक्याला तर उत्तरच देत नाही.

पुढच्या वेळी मला हौशी म्हणायच्या आधी मी कुठे काम केलं ते विचारा, सांगेन. आणि तुमच्याकडे घुग्घुस किंवा वणीकडचे जुन्या नावांचे सेक्शन असतील तर पाठवा, मला खरंच बघायचेत.