माणूस अजून श्वास घेतोय

१५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र. झोपायच्या तयारीत होते आणि फोन वाजायला लागला. आधी एका ग्रुपवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या: झाकीरभाई गेले. तबल्याचे उस्ताद झाकीर हुसेन. पाचव्या मिनिटाला माझी पोस्ट पडली होती. कृष्णधवल फोटो, कपाळावर उडालेले केस, खाली चार ओळी. 'एका युगाचा अंत' असंही मी लिहिलं होतं. ते शब्द आठवले की आजही मान खाली जाते.

अर्ध्या तासात गुरुजींचा फोन आला. लहानपणी सात वर्षं मी ज्यांच्याकडे तबला शिकले, ते गुरुजी. रात्री नऊनंतर ते कुणालाच फोन करत नाहीत. त्यांच्या नातवाने माझी पोस्ट त्यांना वाचून दाखवली होती. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "तू खात्री केलीस का? माणूस अजून श्वास घेतोय."

पोस्ट काढली, पण झोप लागली नाही. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई अतिदक्षता विभागात होते आणि त्यांच्या बहिणीला, भावाच्या काळजीत असताना, जगाला सांगावं लागत होतं की अहो, त्याचा श्वास चालू आहे. सोमवारी सकाळी कुटुंबाने खरी बातमी दिली. फुप्फुसांच्या आजाराने, त्र्याहत्तराव्या वर्षी ते गेले. पण बातमी खरी ठरली म्हणून माझी चूक बरोबर ठरत नाही. त्या काही तासांत ते जिवंत होते, आणि मी त्यांना मेलेल्यांत जमा केलं होतं. ज्या माणसामुळे मला ताल म्हणजे काय ते कळलं, त्या माणसाला.

हे एकदाच घडलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले रुग्णालयात होते. प्रकृती गंभीर होती, पण ते होते. रात्रीत श्रद्धांजल्या सुरू झाल्या, भल्याभल्यांनी वाहिल्या, आणि घरच्यांना खुलासा करावा लागला. ते गेले २६ नोव्हेंबरला. धर्मेंद्रंच्या बाबतीत ११ नोव्हेंबर २०२५ ला तेच. हेमामालिनींना जाहीरपणे लिहावं लागलं की हे जे चाललंय ते अक्षम्य आहे. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र घरी परतले आणि २४ नोव्हेंबरपर्यंत जगले, नव्वदीला दोन आठवडे राहिले होते. त्यांना अंथरुणावरून ते सगळं दिसलं असेल का, या विचाराने माझ्या पोटात कालवतं.

गोखल्यांचं मला फार लागलं, कारण 'अनुमती'. ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बायको मेंदूतल्या रक्तस्रावाने बेशुद्ध आहे, डॉक्टर आणि मुलगा सांगताहेत की आता थांबूया, आणि या निवृत्त शिक्षकाला ती सही करवत नाही. त्या भूमिकेसाठी त्यांना साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला, इरफान खानबरोबर विभागून. (दोघेही आता नाहीत. इरफान तर २०२० सालीच गेला.) जवळच्या माणसाला 'संपलं' म्हणणं किती जड असतं, हे ज्या नटाने आपल्याला आख्खा चित्रपटभर दाखवलं, त्याच्याबद्दल आपण ते एका बोटाच्या टिचकीसरशी म्हणून मोकळे झालो.

गोखल्यांचं थांबणं मला फार आवडायचं. वाक्य अर्ध्यावर आणून ते थांबत, बघत राहत, आणि आपण श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट बघायचो. अशी वाट बघायला लावणारा नट आता मला पटकन आठवत नाही.

तर मुद्दा हा. हे कलावंत आपल्या आयुष्यात नेमकं काय करून गेले, हे कळायला वेळ लागतो. आणि नेमका तो वेळच आपण काढत नाही. 'कधीही न भरून निघणारी पोकळी' असं लिहितो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या पोकळीबद्दल लिहितो. पोकळी असते, खरंच असते, पण ती कुठे पडलीय हे आधी चाचपून तर बघायला हवं.

माझ्यापुरतं सांगते. मी दहा वर्षांची असताना गुरुजींनी आम्हा पाच-सहा मुलांना गोल बसवून झाकीरभाईंची एक कॅसेट लावली. आम्ही सगळे उजव्या हाताच्या त्या पावसावर खूश. गुरुजींनी कॅसेट बंद केली. म्हणाले, "उजवा सगळ्यांनाच ऐकू येतो. डावा ऐका." आणि पहिल्यापासून पुन्हा लावली.

ज्यांनी तबला कधी हाताळला नाही त्यांच्यासाठी: डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या मोठ्या भांड्यावर, 'घे' हा बोल वाजवताना मनगटाजवळचा तळवा पुडीवर, वरच्या कातड्यावर, टेकलेला असतो. बोटांचा आघात झाल्यावर तो तळवा शाईकडे, त्या काळ्या गोलाकडे, दाबत नेला की घुमारा वर चढतो, सैल सोडला की खाली उतरतो. एवढीच क्रिया. पण किती दाबायचं, किती वेळ, कधी सोडायचं, यात सगळं आलं. जास्त दाबलं तर आवाज घुसमटतो, कमी दाबलं तर नुसताच ढब्ब. झाकीरभाईंचा डग्गा बोलायचा. प्रश्न विचारल्यासारखा वर जायचा आणि 'हं, असू दे' म्हटल्यासारखा खाली यायचा. त्या दुपारी गुरुजींनी तोच तुकडा आम्हाला अकरा वेळा ऐकवला. मी मोजलं होतं. नवव्या खेपेला मला उजवा ऐकू येईनासा झाला आणि नुसता डावा उरला. आजही अंगावर काटा येतो.

पुढे बारावी, नोकरी, संसार. तबला सुटला. हात गेला, पण कान राहिला. चार माणसं बोलत असली की त्यांच्या खाली काय चाललंय ते मला आधी ऐकू येतं. कोण हसत बोलतोय पण दुखावलाय, कोण मोठ्याने बोलतोय पण घाबरलाय. माझं काम माणसांशी बोलण्याचं आहे आणि ते मला बरं जमतं, लोक तसं सांगतात. ते मला त्या अकरा खेपांनी दिलं. मी झाकीर हुसेन यांना आयुष्यात एकदाही भेटलेले नाही.

म्हणून कुणी विचारलं, "तुझा काय संबंध? तुझे कोण लागत होते ते?", तर मला राग येत नाही, पण मी उत्तर देते. माझ्या सख्ख्या आत्याच्या सहवासात मी जेवढे तास घालवले नसतील तेवढे या माणसाच्या डाव्या हाताच्या सहवासात घालवलेत. याला नातं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

ते स्वतः सांगत, की जन्मल्यावर त्यांना वडिलांच्या, उस्ताद अल्लारखाँच्या हातात दिलं, तेव्हा बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायच्या ऐवजी वडिलांनी तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली. वडील म्हणाले, हीच माझी प्रार्थना. आणि हेही ते सांगत, की लोक जिथे खायला-प्यायला आणि गप्पांना जमतात, तिथे ते वाजवायला जात नाहीत. खासगी समारंभ नाहीत, लग्नं नाहीत. यात गर्व नव्हता, अशी माझी खात्री आहे. ऐकणाऱ्याने सगळं सोडून ऐकावं, एवढीच मागणी होती. साथीला बसले की ते स्वतः तेच करत. समोरच्याच्या चेहऱ्यावरची नजर हटायची नाही, एखादी जागा सुंदर आली की हेच आधी हसायचे.

दुसरी गोष्ट आईची. जानेवारी २०२४ मध्ये चार दिवसांत दोन आवाज गेले. ९ तारखेला उस्ताद राशिद खान, अवघे पंचावन्न वर्षांचे, आणि १३ ला प्रभा अत्रे, एक्क्याण्णव पूर्ण केलेल्या. राशिदखाँच्या जाण्यात तर नुसता अन्याय आहे, रामपूर-सहसवान घराण्याचा तो गळा आत्ता कुठे पिकायला लागला होता. त्यावर मला आजही धड लिहिता येत नाही.

प्रभाताईंवर आईचा जीव. आई गाणं शिकलेली नाही. पण तिच्याकडे त्यांनी गायलेला मारुबिहाग राग होता, 'जागू मैं सारी रैना', आणि माझ्या लहानपणी दिवसभराचं सगळं आवरलं की ती दिवा मालवून तो ऐकायची. त्याच्या मागच्या बाजूला कलावती राग असायचा, तो ती उद्यासाठी ठेवायची. एका रात्री एकच. मी एकदा विचारलं, "अगं आई, मधेच त्या सा रे ग म का म्हणतात? शब्द विसरल्या का?" आई हसली नाही. म्हणाली, "शब्दांत जे मावत नाही ते त्या स्वरांच्या नावांनी सांगतात. ऐक, परत येईल." मला फार नंतर कळलं की ख्यालात सरगम गाण्यावरून प्रभाताईंवर टीका झाली होती आणि त्यांनी त्याच विषयावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. विज्ञान आणि कायदा शिकलेली बाई, मुद्दा सिद्ध केल्याशिवाय थोडीच सोडणार! आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त ऐकून कळलं होतं.

त्या गेल्या त्या दिवशी मी आईला फोन केला. तिला बातमी माहीत होती. "रात्री बोलू," म्हणाली. रात्री मी केला तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काल दोन्ही ऐकले. मारुबिहाग आणि कलावती." आयुष्यात पहिल्यांदा तिने एका रात्री दोन्ही ऐकले होते. मला वाटतं प्रभाताईंना वाहिलेल्या हजारो श्रद्धांजल्यांत याहून मोठी कुठली नसेल, आणि ती कुठेही छापून आलेली नाही.

जपानी संगीतकार र्‍युइची साकामोटो यांचं जाणंही मला इथे आठवतं. ते गेले २८ मार्च २०२३ ला. जगाला कळलं काही दिवसांनी, एप्रिल उजाडल्यावर, अंत्यविधी उरकल्यावर. आजारपणात त्यांनी पियानोवर छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड केले, डायरीत लिहावं तसे, आणि त्यांना नावं दिली फक्त तारखांची. त्यातले बारा निवडून जानेवारी २०२३ मध्ये, आपल्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, अल्बम काढला. त्यात स्वरांमागे त्यांचा श्वास ऐकू येतो. तो त्यांनी पुसला नाही. सलग मैफल करायची ताकद उरली नव्हती, तेव्हा दिवसाला थोडं थोडं असं काही दिवस वाजवून चित्रित केलं आणि मग एकत्र जोडून जगाला ऐकवलं. स्वतःच्या अंत्यविधीत काय वाजावं याची यादीही करून ठेवली होती. घरच्यांना त्यांचं दुःख आधी आपापसांत करू दिलं गेलं, मग ते आपल्या वाट्याला आलं. प्रत्येकाच्या नशिबी हे नसतं, कबूल. पण निदान पहिले काही तास घरच्यांचे असू देणं आपल्या हातात नक्की आहे.

एक छायाचित्र तुम्हीही पाहिलं असेल. मे २०२२, पंडित शिवकुमार शर्मांचा अंत्यसंस्कार. ज्यांनी संतूर मांडीवर घेतलं, त्याच्या तारांची रचना बदलली, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही म्हणून हे वाद्य रागसंगीताला चालणार नाही म्हणणाऱ्यांना वाजवूनच उत्तर दिलं, ते शिवजी. झाकीरभाईंनी त्यांना खांदा दिला होता. आणि मग तो दुसरा फोटो: चिता पेटलेली, आणि झाकीरभाई तिच्याकडे बघत एकटेच उभे. किती दशकं या दोघांनी एकमेकांच्या समेवर मान डोलावली असेल. त्या फोटोत झाकीरभाईंचे हात समोर एकमेकांत गुंतलेले आहेत. मी तो फोटो अनेकदा उघडून बघते. त्या माणसाला कुठेही जायची घाई नाही.

आता कुणाच्या प्रकृतीची बातमी आली की मी काही लिहीत नाही. मित्रमैत्रिणी विचारतात, अमुक गेले, तू काहीच टाकलं नाहीस? टाकेन, महिन्याने, नाहीतर वर्षाने. झाकीरभाईंवर लिहायला मला आज जमलंय. तुम्हीही लिहाच, माझं म्हणणं लिहू नका असं मुळीच नाही. फक्त 'युगाचा अंत' असं न लिहिता तो तुकडा लिहा, जो तुम्ही अकरा वेळा ऐकला होता. तो प्रवेश, ज्यानंतर तुम्ही वडिलांशी पुन्हा बोलायला लागलात. तो निवेदनाचा आवाज, तो विनोद, जो रुग्णालयातल्या बाकावर तुमच्या सोबतीला होता. मी ते सगळं वाचेन, कितीही लांब असलं तरी.

गुरुजी आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्यावर कुणी पोस्ट टाकणार नाही, त्यांचा एकही अल्बम नाही. त्या रात्रीनंतर मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसते. परवा म्हणाले, "डग्गा काढ." मी खोळ काढून तो समोर ठेवला, फोन आधीच शेजारच्या खोलीत ठेवून आले होते. त्यांची बोटं हल्ली थरथरतात, 'तिरकिट' नीट निघत नाही, म्हणून उजव्याला त्यांनी हातच लावला नाही. फक्त डावा. विलंबित, म्हणजे संथ, तीनतालाचा ठेका, आणि उजव्या हाताचे बोल तोंडाने हळू म्हणत होते. दहाव्या मात्रेवर डग्गा बंद व्हायचा आणि चौदावीला पुन्हा उघडायचा, तो अजूनही इतका स्वच्छ, की मी मध्येच बोट वर केलं, लहानपणी करायचे तसं, म्हणजे परत एकदा.

त्यांनी परत एकदा वाजवलं.