‘दोन पॅच ओढले की विषय संपतो’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

पॉइंट टू-टू रायफलमध्ये एका प्रकारचे काडतूस सोडून दुसरे वापरताना काय काळजी घ्यावी, या माझ्या लेखाखाली (काडतूस बदलल्यावर आधी काही शॉट झाडून बॅरल, म्हणजे रायफलची नळी, नव्या काडतुसाला बसू द्यावी, असे त्यात म्हटले होते) ‘एक जुना नेमबाज’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी आशय देतो. त्यांचे म्हणणे असे : माझा लेख म्हणजे रेंजवरच्या ऐकीव गोष्टींचे गाठोडे आहे. ‘बोअरमधून दोन पॅच ओढले की मागच्या काडतुसाचा विषय संपतो’ (बोअर म्हणजे नळीची आतली पोकळी, पॅच म्हणजे ती पुसायची चिंधी). पाच-पाच शॉटच्या ग्रुपने, म्हणजे कागदावरच्या छिद्रांच्या पुंजक्याने, काहीही सिद्ध होत नाही, तेव्हा दोन्ही काडतुसे आलटून पालटून झाडलेले दहा-दहा शॉटचे कागद दाखवावेत. आणि असल्या सल्ल्यांपायी क्लबमधल्या पोरांची महागडी काडतुसे मातीत जातात. शेवटी एक वाक्य आहे : ‘कोल्हापूरने जगज्जेते दिले, आता तिथून भोंदूगिरीही येऊ लागली.’

मतभेदाला माझी हरकत नाही. रेंजवर दोन माणसे भेटली की काडतुसांबद्दल तीन मते निघतात, हे आपल्याकडे जुनेच आहे. परंतु ज्याला आपण कधी भेटलेलो नाही त्याला भोंदू म्हणायचे, आणि स्वतः मात्र टोपणनावाच्या आडोशाला उभे राहायचे, ही रीत मला मानवत नाही. आमच्या पेठेत वाद घालणारा माणूस आधी आपले नाव सांगतो. शिवाय कोल्हापूरचे नाव घेतलेच आहे तर ते नीट घ्यावे : तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले ते ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून), राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक २५ मीटर पिस्तुलाचे, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकले ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून). हे तिन्ही प्रकार याच रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात करून उडवायच्या, पॉइंट टू-टू काडतुसाचे आहेत. ज्या गावाची ओळखच या काडतुसाने झाली, त्या गावात त्याच्याविषयी चार ओळी लिहिणे ही भोंदूगिरी कशी, हे आपण सांगितलेले नाही.

आता त्या दोन पॅचकडे येतो, कारण प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगे वाक्य तेवढे एकच आहे.

सेंटरफायर काडतुसात, म्हणजे बुडाच्या मध्यावर आघात होतो त्यात, गोळीचा घासणारा भाग केसच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) तोंडात धरलेला असतो. पॉइंट टू-टू लाँग रायफलमध्ये (आपल्या या काडतुसाचे हे पूर्ण नाव) तसे नसते. तिथे गोळीची जाडी केसच्या बाहेरच्या जाडीएवढीच असते, फक्त तिची बारीक केलेली टाच आत शिरते, आणि बोअरला घासणारा सगळा भाग उघडा राहतो. म्हणून वंगणही उघड्यावरच लावावे लागते. काडतूस चिमटीत धरले की बोटाला लागतो तो थर हाच. काही काडतुसांवर तो तुपकट असतो, काहींवर कोरड्या मेणासारखा, आणि जास्त वेगाच्या कित्येक काडतुसांच्या शिशावर तांब्याचा पातळ मुलामाही असतो. प्रत्येक गोळी जाताना सव्वादोन फुटांच्या बॅरलमध्ये आपला थोडा थर मागे ठेवते आणि पुढची गोळी त्याच थरावरून जाते. काडतूस बदलले की पहिले काही शॉट ना धड जुन्या थरावर असतात, ना नव्या. ग्रुप फाकतो तो या मधल्या अवस्थेत.

आपले म्हणणे असे, की हा थर पुसून टाकला म्हणजे झाले. पुसून टाकला म्हणजे काय उरते? कोरडे पोलाद. त्यावर आता कुठलाच थर नाही, म्हणजे नव्या काडतुसाला जो हवा आहे तोही नाही. बोअर स्वच्छ करून तेच जुने काडतूस पुन्हा घातले तरी पहिले शॉट भरकटतात, हे प्रोनची एक मॅच खेळलेल्या कोणालाही ठाऊक असते. मॅचच्या आधीच्या सायटिंगच्या, म्हणजे नेम जुळवायच्या, वेळात नेमबाज नुसता सायटचा डायल फिरवत नाही, बॅरलही तयार करून घेत असतो. तालमीच्या हौद्यातली माती उपसून नवी टाकली, म्हणजे त्याच संध्याकाळी तीवर लढत लावावी असे कोणी म्हणत नाही. तेव्हा दोन पॅच ओढल्याने विषय संपत नाही, तो पहिल्यापासून सुरू होतो. आपण जुने नेमबाज आहात म्हणता, तर हे मला सांगावे लागू नये.

दुसरे, पॅच सगळे काही पुसतही नाही. चेंबरच्या (काडतूस बसते त्या खोबणीच्या) तोंडापुढे जळलेल्या दारूचे, प्राइमरचे (ती पेटवणाऱ्या मसाल्याचे) आणि शिशाचे एक कडक कडे धरत जाते, आणि तेलाच्या चिंधीला ते दाद देत नाही. याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे लाँग रायफलच्या चेंबरमध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट हे आखूड काडतूस वापरण्याची जुनी सवय. शॉर्टची केस सुमारे १०.७ मिलिमीटर, लाँग रायफलची सुमारे १५.६. मधल्या मोकळ्या जागेत शॉर्टचा मळ साचतो, आणि पुष्कळ शॉर्ट झाडल्यावर लाँग रायफल घालायला जावे तर केस पुढे सरकेनाशी होते किंवा झाडल्यावर बाहेर निघायला कुरकुर करते. तिथे दोन काय, वीस पॅच ओढा.

हे मी ऐकून लिहिलेले नाही. शाळकरी वयात वडिलांबरोबर दुधाळीच्या रेंजवर जात असे तेव्हा काडतुसांची निवड हा प्रश्नच नव्हता. ज्याच्या परवान्यावर जे मिळाले ते वाटून घ्यायचे, आणि एका सकाळी एकाच रायफलमधून दोन-तीन जातींच्या उरल्यासुरल्या पेट्या संपवायच्या. वडील काडतूस बदलले की आधी कागदाकडे न बघता मागच्या मातीत काही शॉट मारायला लावत. का, ते सांगत नसत. त्यांना सांगता आले नसते असेही म्हणता येईल, पण त्यांच्या कागदावरचे ग्रुप काडतूस बदलूनही बसत आणि शेजारच्यांचे बसत नसत. अशा माणसाच्या हाताखाली जे शिकलो त्याला आपण गाठोडे म्हणता. म्हणा.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने देऊन टाकतो. बॅरल किती राउंडनंतर बसते याचा एकच आकडा नाही. कुठे दहाच्या आत काम होते, कुठे पंचवीस लागतात, आणि दोन्ही काडतुसांचे वंगण एकाच जातीचे असेल तर फरक जाणवणारही नाही. माझ्या लेखात याहून जास्त दावा नव्हता, तरी आपल्या समाधानासाठी पुन्हा लिहिले.

आपल्या प्रतिक्रियेत आणखी एक गोंधळ डोकावतो : झीरो (सायट जुळवलेला नेमाचा बिंदू) हलणे आणि ग्रुप बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाचे मॅचचे काडतूस आणि ३८० च्या घरातले हाय व्हेलॉसिटी काडतूस यांच्यात ५० मीटरवर नुसत्या गुरुत्वाकर्षणाने दोन-तीन सेंटिमीटरचे अंतर पडते, वर बॅरलची थरथर असतेच. आणि दहाचे वर्तुळ तिथे अवघे १०.४ मिलिमीटरचे. वेगवान गोळी ध्वनीच्या वेगावरून, म्हणजे साधारण ३४३ मीटर प्रतिसेकंदावरून, खाली येताना डळमळते ते वेगळेच. हा फरक सायटचे क्लिक मोजून काढता येतो. वंगणाचा काढता येत नाही, तो झाडूनच जावा लागतो. क्लिक फिरवून फाकलेला ग्रुप आवळण्याचा प्रयत्न मी बऱ्या बऱ्या नेमबाजांना करताना पाहिले आहे.

दहा-दहा शॉटच्या कागदांबद्दल : मी हे काही प्रयोगशाळेच्या अहवालासाठी लिहीत नाही, आणि कोणी फर्मान सोडले म्हणून कागद चिकटवण्याची मला गरज वाटत नाही. पोरांच्या खर्चाबद्दल तर बोलूच नये. मॅचमध्ये गेलेले गुण काडतुसांपेक्षा महाग पडतात.

ज्यांनी सरळ प्रश्न विचारले आहेत त्यांना सरळ सांगतो. लाँग रायफल आणि पॉइंट टू-टू मॅग्नम हे जास्त ताकदीचे काडतूस यांची अदलाबदल हा या चर्चेचा भागच नाही. मॅग्नमची केस जाड असते, तिच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सैल बसते आणि केस फाटून गॅस मागे येऊ शकतो, तेव्हा तसे कधीही करू नये. सरावासाठी स्वस्त आणि मॅचसाठी महाग काडतूस वापरणाऱ्यांनी निदान दोघांचे वंगण आणि वेग जवळपासचे निवडावेत, आणि मॅचचे काडतूस आदल्या सरावातच सुरू करावे, सकाळी लाइनवर उभे राहून नव्हे. आणि ‘जुना नेमबाज’ महाशय, प्रतिक्रियेच्या मधल्या ओळीत आपण पितळी ब्रश मझलकडून, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडातून, घालतो असे सहज लिहून गेला आहात. तो उद्यापासून चेंबरच्या बाजूने घाला. क्राउन, म्हणजे त्या तोंडाची कड, खरवडला गेला, तर आपल्याला दोन्ही काडतुसे सारखीच वाटणार.