हम घालवायला अर्थिंगची पिन काढू नका

"घरच्या रेकॉर्डिंगमधली घरघर घालवायचे रामबाण उपाय" असा एक मेसेज आमच्या भजनी ग्रुपवर फिरतोय आणि कसबा बावड्यातल्या माझ्या भाच्यानं त्यातला पहिला उपाय करूनही टाकला, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिला उपाय म्हणे, हम, म्हणजे स्पीकरमधनं येणारी सलग घरघर, येत असेल तर अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) थ्री-पिन प्लगची जाड पिन काढा नाहीतर तिला टेप गुंडाळा. अरे, काय सांगताय लोकांना! ती अर्थिंगची पिन आहे. आत वायर सुटून फेज अ‍ॅम्पच्या धातूच्या बॉडीला लागला तर करंट त्या पिनेतनं अर्थला जातो आणि एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच, पडते. पिन नसली की बॉडी २३० व्होल्टवर तशीच राहते, त्याच अ‍ॅम्पला जोडलेल्या गिटारच्या तारापण, आणि पोरगं एक हात तारांवर ठेवून माईकला ओठ लावतंय, म्हणजे करंट त्याच्या अंगातनं जाणार. स्कॉटलंडचा गिटारिस्ट लेस हार्वी ३ मे १९७२ ला स्वान्सीमध्ये स्टेजवरच गेला, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून.

आता पिन काढल्यावर हम जातो हे खरंय, तेवढं मान्य. अ‍ॅम्प एका खोलीतल्या बोर्डात, कॉम्प्युटर दुसऱ्या, आणि ऑडिओ केबलची जाळी (वायरीभोवतीचं तारांचं वेष्टण) दोघांची अर्थ जोडते, त्या लूपमध्ये ५० हर्ट्झचा करंट फिरतो. पण लूप सिग्नलच्या बाजूनं तोडा की! आधी सगळं एकाच सॉकेटवर, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. भाच्याकडं नवीन प्लग बसवून एवढंच केलं, हम गेला. नाहीच गेला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (ऑडिओ केबलच्या मध्ये जोडायची छोटी डबी) टाका, त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच फक्त केबलची जाळी सोडवतो, मेन्सची अर्थिंग शाबूत राहते.

फोनची खरखर रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून फोनला फॉइल गुंडाळा म्हणे. रेंज कमी झाली की फोन उलट जास्त पॉवर लावतो, त्यापेक्षा सरळ फ्लाइट मोड.

मेसेजमधल्या सोनेरी पिनांच्या केबलनं हम जात नाही, सोनं गंजत नाही एवढंच. लांब केबल ओढायची तर बॅलन्स्ड एक्सएलआर घ्या, म्हणजे माईकची तीन पिनांची केबल, तिच्यात बाहेरची घरघर कटते.

पंखा बंद करा हे मात्र बरोबर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची करकर माईकच्या लाईनीत येते.

आणि ज्यांनी पिन काढलीय त्यांनी आजच प्लग बदला, वायरमनकडनं सॉकेटची अर्थिंगपण तपासून घ्या, कारण जुन्या घरात बोर्डाला तीन भोकं असतात पण मागं अर्थची वायरच जोडलेली नसते.