जेरुसलेमची निळी पॉटरी ‘हजारो वर्षं जुनी’? थांबा जरा

सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, की जेरुसलेमची निळी पॉटरी ही तिथली हजारो वर्षांची कला, डोम ऑफ द रॉक या तिथल्या सोनेरी घुमटाच्या इस्लामी वास्तूच्या टाइल्स तिथल्या आर्मेनियन कारागिरांनीच बनवल्यात, आणि डिझाइन मात्र सगळं तुर्की कॉपी. तीन वाक्यं आणि तिन्ही गंडलेली.

हजारो वर्षं नाही हो, १९१९ पासून. दाविद ओहानेसियान (जन्म १८८४) हा तुर्कस्तानातल्या कुताह्याचा, तिथे त्याचा चांगला चालता कारखाना होता. १९१६ ला, पहिल्या महायुद्धात, आर्मेनियन म्हणून ऑटोमन (तुर्की) सरकारने त्याला बायकापोरांसकट सीरियात हाकललं. पुढे सीरियातल्या अलेप्पोत त्याला ब्रिटिश मुत्सद्दी मार्क साइक्स भेटला, हो तोच साइक्स-पिको करारवाला (ब्रिटन-फ्रान्सने मध्यपूर्व वाटून घ्यायचा गुप्त करार). ओळख जुनी, कारण साइक्सच्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या घरात युद्धाआधी ओहानेसियाननेच टाइल्सची खोली सजवून दिलेली. जेरुसलेम तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि त्यांना डोमच्या टाइल्स दुरुस्त करायच्या होत्या, म्हणून हा जेरुसलेमला आला आणि मग परत कुताह्याला जाऊन कारागीर घेऊन आला. त्यातलेच बाल्यान आणि काराकाशियान हे कारागीर १९२२ मध्ये वेगळे होऊन स्वतःचं काम करू लागले. १९४८ ला ओहानेसियानला जेरुसलेमही सोडावं लागलं, १९५३ ला बैरुतमध्ये वारला बिचारा.

आता डोम. त्यावर टाइल्स लावल्या ऑटोमन सुलतान सुलेमानने, सोळाव्या शतकात. ओहानेसियानला बोलावलं त्या टाइल्सच्या दुरुस्तीसाठी पण ते मोठं काम काही त्याच्या हातून झालं नाही, आणि १९६० च्या दशकात बाहेरच्या टाइल्स पुन्हा बदलल्या.

कॉपीचं म्हणाल तर कुताह्यात आर्मेनियन कुंभार स्वतःच पिढ्यान् पिढ्या अशीच नक्षी करत होते, मग तुर्की कॉपी कसली? जेरुसलेमच्या सेंट जेम्स कॅथेड्रल या आर्मेनियन चर्चमध्ये अठराव्या शतकातल्या टाइल्स आहेत, पण त्या कुताह्याहून आणलेल्या, बहुतेक ‘जुनी कला’चा घोळ इथूनच झाला असावा.

आणि करायची पद्धत बघा, कागदावर नक्षी काढून रेषेवर सुईने भोकं पाडायची, तो कागद टाइलवर ठेवून वरून कोळशाची पूड थोपटायची, अगदी आपण रांगोळीचे ठिपके पाडतो तसं. मग काळ्या रंगाने ब्रशची बारीक रेघ, आत निळा-फिरोजी, वर ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर), आणि भट्टीत. म्हणजे रेघ प्रत्येक वेळी हातानेच.

त्या बाउलवर झाडाखाली हरणं असतात ना, ती तुर्की नाहीतच, जेरिकोजवळच्या हिशामच्या महालातल्या आठव्या शतकातल्या मोझेइकवरून उचललीयत. कॉपीच म्हणायचं तर निदान कुणाची ते तरी नीट सांगा.