रात्रभर ओट्यावर राहिलेलं पातेलं आणि सकाळची उकळी

परवा सकाळी सातला एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. रात्री पाहुणे उशिरा गेले, दमून झोप लागली आणि चिकनचं अर्धं भरलेलं पातेलं तसंच ओट्यावर राहिलं. "वास घेतला, चांगला आहे. खळखळून उकळी आणली तर चालेल ना?" मी नाही म्हणालो. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग हळूच, "अहो, पण एवढं सगळं टाकायचं?"

तो हळू झालेला आवाज मला पुरता कळतो. शिजवलेलं अन्न टाकताना हात अडखळतो, आणि अडखळायलाच हवा. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण हा प्रश्न चुकीच्या वेळी विचारतो. सकाळी विचारतो. त्याचा निकाल आदल्या रात्रीच, जेवणानंतरच्या पहिल्या दोन तासांत लागलेला असतो.

हे मी शिकलो ते माझ्या मुलीच्या त्रासातून. ती तेव्हा सहा वर्षांची होती. रात्रीचा भात उरला होता. पातेल्यावर झाकण, झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब साचलेले. सकाळी तो भात मीच कढईत परतला, चांगली वाफ येईपर्यंत. वास नाही, चिकटपणा नाही, दाणा न् दाणा मोकळा. तिनं नऊला आवडीनं खाल्ला. अकराच्या सुमाराला पोट धरून बसली, साडेअकराला पहिली उलटी. संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या. चमच्यानं पाणी पाजायचं आणि पाच मिनिटांत तेही बाहेर. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "रात्रीचा भात खाल्लाय का?" मी म्हणालो, हो, पण कडकडीत गरम करून. ते म्हणाले, "गरम केल्यानं जंतू मरतात. त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष जात नाही." तपासणी वगैरे काही केली नाही, लक्षणं आणि वेळ बघूनच ते बोलले. मुलगी दुसऱ्या दिवशी खेळायला लागली. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकलो आणि मिळेल ते वाचत सुटलो.

भातातल्या त्या जंतूचं नाव बॅसिलस सीरियस. हा मातीत राहतो, त्यामुळे तांदळाबरोबर घरात येतोच, कितीही धुवा. अडचणीची वेळ आली की तो बीजाणू बनवतो, म्हणजे स्वतःभोवती टणक कवच घालून झोपी जातो. भात शिजतो तेव्हा बाकीचे जंतू मरतात, हे कवचवाले उरतात. आता त्यांच्याशी स्पर्धा करायलाही कोणी नसतं. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यातले काही प्रकार सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. प्रेशर कुकरमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान जातं. सेर्युलाइड १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकून राहतं. माझी कढई त्याचं काय करणार होती? हे विष पोटात गेलं की अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. नऊला खाल्लं, साडेअकराला उलटी.

एका उकळीनं सगळं मरत नाही, हे काही कालपरवा कळलेलं नाही. १८७०च्या दशकात जॉन टिंडॉल हे शास्त्रज्ञ गवताचा काढा उकळून ठेवत आणि तो पुन्हा नासे. शेवटी त्यांनी थोडं थोडं, लागोपाठ उकळायची युक्ती काढली: आज उकळल्यावर जे झोपलेले राहतात ते मधल्या वेळेत जागे होतात आणि पुढच्या उकळीत मरतात. काढ्याला ते ठीक होतं. पण आपल्याला जेवायचं असतं, आणि जागे झालेले जंतू त्या मधल्या वेळात विष करून मोकळे होतात.

मांसाच्या मोठ्या पातेल्यात दुसरा एक असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. तोही बीजाणू करणारा. दाट रश्श्याच्या तळाशी हवा पोचत नाही, त्याला तेच हवं असतं. ४३ ते ४७ अंशांच्या कोमट उबेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. आणि मोठं पातेलं थंड व्हायला किती वेळ घेतं, हे बोट घालून पाहिलंय कधी? वरची साय गार, आत तीन तासांनीही ऊब. त्या बाईंना मी नाही म्हणालो ते याच पातेल्यामुळे.

तिसरा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हा तर आपल्यापासूनच येतो. साधारण तीन माणसांत एकाच्या नाकात तो सुखानं राहतो. नाकाला हात, मग उकडलेले बटाटे सोलायला तोच हात. त्याचंही विष उकळीला दाद देत नाही.

आणि वाढीचा वेग बघा. वीस मिनिटांत दुप्पट होणारा एक जंतू, त्याला हवं तसं तापमान आणि ओल मिळाली, तर आठ तासांत १ कोटी ६७ लाख होतो. कागदावर मांडून पाहा, चोवीस वेळा दुप्पट. आठ तास म्हणजे आपली एक झोप.

"वास चांगला आहे" यावर आपण फार विसंबतो. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे, वास मारायला लावणारे जंतू बहुतेक वेळा वेगळे असतात. आजारी पाडणारे चव, वास, रंग यांपैकी कशालाही धक्का न लावता वाढू शकतात. वास वाईट असेल तर टाकाच. पण वास चांगला आहे म्हणजे अन्न चांगलं आहे, असा अर्थ होत नाही. चमचाभर चाखून बघणं तर त्याहून वाईट.

आता, "आम्ही जन्मभर खाल्लं, काही झालं नाही." माझी आईही हेच म्हणायची आणि ती खोटं बोलत नव्हती. दर वेळी विष तयार होतंच असं नाही. रात्र गार असते, अन्न कोरडं असतं, जंतू कमी असतात, आपलं पोट धडधाकट असतं. शिवाय झालं तरी आपण ते "पोट बिघडलं" म्हणून सोडून देतो, आदल्या रात्रीच्या पातेल्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. पण तेच अन्न घरातलं तान्हं मूल, गरोदर बाई, सत्तरीतले आजोबा खातात, तेव्हा हिशेब बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या अंदाजानुसार दूषित अन्नानं जगात दर वर्षी ६० कोटी माणसं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. त्यातली १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुलं असतात. हे सगळे शिळ्या अन्नाचे बळी नाहीत, मान्य. पण लहान मुलांचा तो आकडा वाचल्यावर मी तरी पैज लावायला तयार नाही.

बेल्जियममधल्या दोन घटना मला विसरता येत नाहीत. २००८ मध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि तो त्याच रात्री गेला. त्याआधी २००३ मध्ये एका घरातली पाच भावंडं पास्ता सॅलड खाऊन आजारी पडली, सात वर्षांची मुलगी दगावली. ते सॅलड फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं. फ्रिजचं तापमान निघालं १४ अंश. असं घडणं फार दुर्मिळ आहे, घाबरवायला सांगत नाही. पण तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर कायम असतो.

मग करायचं काय? शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ५ अंशांखाली. उन्हाळ्यात बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. "गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवायचं नाही" ही समजूत इथेच घात करते. आपण निवायची वाट बघतो आणि झोपून जातो. उकळतं भांडं आत कोंबायचं नाही, हे खरं. पण मोठ्या पातेल्यातलं अन्न पसरट, उथळ डब्यांत काढलं, डबे गार पाण्याच्या परातीत ठेवले, तर अर्ध्यापाऊण तासात ठेवण्याजोगं होतं. सगळ्यात फरक पडतो तो या डब्यांनी. भात दुसऱ्या दिवशी संपवायचा, बाकीचं तीन-चार दिवसांत. गरम करताना आतपर्यंत वाफ यायला हवी, आणि एकदाच करायचं.

सगळंच टाकायचं असंही नाही. पाव, बिस्किटं, सुकं अन्न, भरपूर मीठ, साखर किंवा आंबटपणा असलेले पदार्थ रात्रभर बाहेर राहिले तरी चालतात, कारण जंतूंना लागणारी ओल तिथे मिळत नाही किंवा आम्लात ते वाढत नाहीत. भात, मांस, मासे, अंडी, दूध, सूप, शिजलेल्या डाळी आणि बटाटे यांना मात्र ही सवलत नाही.

आणि खाऊन झालंच असेल तर उगाच जीव टांगणीला लावू नका. बहुतेकांना काही होत नाही. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस घोट घोट देत राहा. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद होणं, मूल मलूल पडणं किंवा डोळ्यांना धूसर दिसणं, यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर.

माझी आई आता पंचाहत्तरीची आहे. वरचं सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला तिचा फोन. "नऊला गॅस बंद केला होता रे. डबे भरलेत, अजून कोमट लागतायत हाताला. ठेवू का आत?"

ठेव आई. दीडच तास झालाय.