जेरिकोच्या मनोरुग्णचित्रांविषयीचा एक दावा

फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको (१७९१–१८२४) याच्या मनोरुग्णांच्या व्यक्तिचित्रांविषयी एक मजकूर वारंवार फिरताना दिसतो. मनोविकारावरील उपचारांसाठी जेरिको पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात दाखल झाला, तेथील प्रमुख डॉक्टर जॉर्जे यांच्यासाठी त्याने दहा रुग्ण रंगवले, आणि ते चेहरे पाहताच कोणाला कोणता विकार आहे हे कळते, असा त्याचा सारांश आहे.

दाखल होण्याची गोष्ट तर टिकतच नाही, कारण साल्पेत्रिएरमध्ये केवळ स्त्री-रुग्ण ठेवले जात. सर्वमान्य अशा पाच चित्रांपैकी तीन पुरुषांची आहेत. म्हणजे ते तिघेही तेथील रुग्ण असू शकत नाहीत. जॉर्जे (जन्म १७९५) हेही तेथे प्रमुख नव्हते, तर मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांचे तरुण शिष्य होते.

दहा हा आकडा, जॉर्जे यांचे प्रमुखपद आणि चित्रांची नावे या तिन्ही गोष्टी फ्रेंच कलासमीक्षक लुई व्हिआर्दो यांच्या १८६३ च्या एका पत्रातून आल्या आहेत. जॉर्जे यांच्या मृत्यूनंतर चित्रे दोन डॉक्टरांत वाटली गेली, असे ते पत्र सांगते, आणि त्यांपैकी लाशेज यांच्या वाट्याची पाच व्हिआर्दो यांना बाडेन-बाडेनमध्ये आढळली. चित्रकाराच्या मृत्यूनंतर एकोणचाळीस वर्षांनी लिहिलेले हे पत्र टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही, पण त्यातील एक तपशील उघड चुकीचा असताना उरलेले निःशंकपणे उद्धृत करणे योग्य नव्हे.

खरा वाद चेहऱ्यांचा आहे. लिआँच्या संग्रहालयातील वृद्धेच्या लालसर पापण्यांत आपल्याला मत्सर दिसतो, कारण 'मत्सराचा मोनोमेनिया' (एकाच विषयाचे वेड) हे नाव आपण आधीच वाचलेले असते. गेंट येथील 'चोरीचा मोनोमेनिया' असलेल्या पुरुषाच्या विस्कटलेल्या दाढीत मात्र चोरीची कोणती खूण आहे, हे कोणी दाखवावे. चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याचा नाद त्या काळी होता आणि एस्किरोल यांनीही रुग्णांची रेखाटने करवून घेतली होती, हे मान्य आहे. परंतु जेरिकोच्या चित्रांत साखळदंड नाहीत, हातवारे नाहीत, हातही नाहीत. गडद पार्श्वभूमीवर दुसरीकडे पाहणारा एक माणूस तेवढा आहे. शिवाय एस्किरोल यांच्या मते मोनोमेनियात भ्रम एखाद्याच विषयापुरता असतो आणि बाकीची बुद्धी शाबूत राहते, म्हणजे रुग्ण पाहणाऱ्याला सहज शहाणा वाटू शकतो. खुनाच्या खटल्यांतील आरोपींवर १८२५ मध्ये पुस्तिका लिहून आरोपींच्या मनोविकाराची बाजू मांडण्याची वेळ जॉर्जे यांच्यावर आली, ती यामुळेच.